‘तुझ्याकडे बघून वाटत नाही हं’

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. त्याला आता चौदा महिने झाले. ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचं एकच वाक्य: "अगं, तुझ्याकडे बघून वाटत नाही हं!" आणि सूर चक्क कौतुकाचा. म्हणजे मी काहीतरी छान जमवलंय.

जमवलंय खरंच. कसं ते सांगते.

समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की तो काय बोलतोय ते माझ्या डोक्यात शिरतच नाही. म्हणून मी त्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघते. मनात तीन आकडे मोजते, नजर खाली, मग परत वर. फोन करायचा असला की आधी कागदावर वाक्यं लिहून काढते, ‘हॅलो’सकट. पलीकडचा माणूस कागदाबाहेरचं काही बोलला की घशाला कोरड. कोणी विनोद केला की बाकीचे किती वेळ हसतात त्यावर लक्ष ठेवून तेवढंच हसायचं. यात तर मी इतकी तरबेज की कोणाच्या अर्धा सेकंदही मागे पडत नाही. हे सगळं चालू असताना डोक्यावरची ट्यूबलाइट गुणगुणत असते, जी माझ्याशिवाय कोणालाच ऐकू येत नाही. यातून जेवढं डोकं शिल्लक उरेल, तेवढ्यावर गप्पा मारायच्या.

याला मास्किंग म्हणतात. मराठीत मुखवटा म्हणता येईल, पण मुखवटा घरी आल्यावर काढून खुंटीला टांगता येतो. हा कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, ते मलाच सापडत नाही.

लहानपणी हे येत नव्हतं. पाहुण्यांनी "काय म्हणतेस?" विचारलं की मी "काहीच नाही म्हणत आहे" असं प्रामाणिक उत्तर द्यायचे. काका निघताना "येतो" म्हणाले की मी दारातच थांबून राहायचे. येतो म्हणाले होते ना! सगळे हसायचे. का हसले ते शोधून मी वहीत लिहून ठेवायला लागले, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

ती वही त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत पुरली. मग ऑफिसातल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केला, आणि त्याच महिन्यात मला बढती मिळून हाताखाली नऊ माणसं आली. चार महिन्यांत अशी गत झाली की दुपारी तीननंतर तोंडातून शब्द फुटेना. काय बोलायचं ते ठाऊक असायचं, जीभ हलायची नाही. थायरॉइड तपासून झालं, नैराश्याच्या गोळ्या घेऊन झाल्या. तिसऱ्या डॉक्टर बाईंनी गोळ्या न देता विचारलं, "लहानपणी एकट्या असताना काय खेळायचात?"

निदानाचे निकष ज्यात असतात त्या डीएसएम-५ मध्ये (२०१३ सालची आवृत्ती) एक ओळ आहे. लक्षणं बालपणापासून असावी लागतात, पण भोवतालच्या अपेक्षा माणसाच्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जातात. ही ओळ मी त्या दिवशी सतरा वेळा वाचली. (मोजलं. मी मोजतेच.) त्याच निकषांमध्ये आवाज, उजेड, कापडाचा स्पर्श यांचा त्रासही आहे. माझी ट्यूबलाइट पहिल्यांदाच कुठेतरी छापून आली होती.

बालपणाची माहिती हवी म्हणून आईला बोलावलं. तिने कौतुकाने सांगितलं, "कध्धी त्रास दिला नाही हो हिने. बटणांचा डबा दिला की तीन-तीन तास बसायची. रंग नाही बघायची, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे." डॉक्टर लिहून घेत होत्या. आईच्या मते ती माझे गुण सांगत होती. बाहेर पडल्यावर जिन्यात थांबून तिने विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

हा प्रश्न आयांच्या माथी मारला गेलेला आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांचं वर्णन केलं (मुली त्यात ३च), त्यांच्या आईवडिलांच्या कोरडेपणाबद्दलही लिहिलं, आणि पुढे कित्येक वर्षं आईच्या थंडपणावर खापर फुटत राहिलं. १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, ही कल्पना खोडून काढली. १९७७ च्या जुळ्या मुलांवरच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा धागा दिसला. हे सगळं मी तिला जिन्यातच, एका दमात, सनावळीसकट ऐकवलं. आई म्हणाली, "नुसतं ‘नाही’ म्हणाली असतीस तरी चाललं असतं."

आणि ऑटिस्टिकसाठीचा तो आपला मराठी शब्द, ‘स्वमग्न’. भाषांतर म्हणून चोख आहे, ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’च. पण स्वतःत मग्न व्हायला मला सवड कुठे होती? चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भुवया वाचत बसले. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की हे न कळणं दुतर्फा असतं. तुम्ही मला कळत नाही, तशी मीही तुम्हाला कळत नाही. गृहपाठ मात्र मी एकटीनेच केला.

"आता या वयात लेबल कशाला?" असंही विचारतात. लेबलं होतीच की. शिष्ट, घुमी, फटकळ, माणूसघाणी. त्यातलं एकही डॉक्टरांनी लावलेलं नव्हतं.

ज्यांना चोवीस तास आधार लागतो, ज्यांना बोलताच येत नाही, त्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं जगणं माझ्याहून फार वेगळं आहे. त्यांच्या वतीने मी बोलत नाहीये.

मला मिळालं ते फार थोडं आहे. कोपऱ्यातली जागा, हेडफोन, आणि कामं तोंडी न सांगता लिहून देण्याची पद्धत, जी आता टीममधल्या बाकीच्यांनाही आवडायला लागली आहे. रागही येतो, खोटं कशाला सांगू. बटणांच्या डब्यापाशीच कोणी थांबून बघितलं असतं तर, असं वाटून रात्री जाग येते.

परवा मीटिंगमध्ये कोणीतरी विनोद केला. मला तो कळला नव्हता. मी हसले नाही, ठरवून. छातीत धडधडत होतं.

कोणाच्या लक्षातही आलं नाही.