पीएसएम कशातून करायचं?

भावा, एमबीबीएसच्या पीएसएमची (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे रोग होऊच नयेत यासाठीचा विषय) परीक्षा तोंडावर आली आणि तू अजून पुस्तक उघडलं नाहीस, याबद्दल पहिल्यांदा अभिनंदन. कशातून वाचायचं हे पक्कं व्हायच्या आधीच वाचायला बसणं फार धोक्याचं. उद्या कळलं की याहून भारी नोट्स निघाल्यात, तर डोक्यात गेलेलं परत बाहेर कसं काढणार? त्यामुळं आधी निवड. ती नीट केलीस की परीक्षेपर्यंतचा वेळ अगदी सहज संपतो.

सुरुवात कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या गाडीवर कर. सिनिअर दिसला की विचार, "दादा, पीएसएम कशातून केलंत?" फक्त माणूस बघून विचार. पहिल्या झटक्यात चांगल्या मार्कांनी पास झालेल्याच्या नादाला लागू नकोस. तो म्हणणार, "पुस्तक वाच." असल्या सल्ल्यावर चहासुद्धा संपत नाही. दोनदा अडकून सुटलेला गाठ. त्याच्याकडं प्रत्येक धड्याला वेगळं साधन असतं: साथरोगांना एका सरांचे व्हिडिओ, स्टॅटिस्टिक्सला दुसऱ्यांची पीडीएफ, न्यूट्रिशनला मिरजेच्या मित्राची वही. ही वही आजवर कुणी बघितलेली नाही, पण आहे एवढं नक्की.

जबलपूरहून छापून येणारं पीएसएमचं ते जाडं पुस्तक मात्र घेच. नवीन आवृत्ती घे, खाकी कव्हर घाल, टेबलावर पुढंच ठेव. गडहिंग्लजहून आई डबा घेऊन आली की तिला बरं वाटतं. हायलायटरचा पूर्ण संच आण आणि पहिलं प्रकरण रंगवून काढ. चरक, सुश्रुत, हिप्पोक्रेट्स, १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याच्या साथीत पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावणारा जॉन स्नो. आपल्या आख्ख्या बॅचला जॉन स्नो तोंडपाठ आहे. पेपरात लसीकरणाचं वेळापत्रक येतं, त्याला स्नो तरी काय करणार?

आता खऱ्या खजिन्याकडं येऊ. टॉपरच्या नोट्स. स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिक, आत झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. या नोट्स पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्यात, त्यामुळं त्यांना घराण्याची शान आहे. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर तासाभरानं लिटरमागं ०.५ मिलिग्रॅम उरला पाहिजे, असं मूळ टॉपरनं लिहिलेलं. तिसऱ्या झेरॉक्सला टिंब उडालं. चौथ्या मालकानं पुढचं शून्य बिनकामाचं म्हणून खोडलं. आता सगळं हॉस्टेल एकमुखानं ५ लिहितं, आणि एकमत झाल्यावर तपासायचं कशाला?

शिवाय जुन्या नोट्समध्ये काळ शहाण्यासारखा एका जागी बसून असतो. त्यात टीबीची औषधं अजून आठवड्यातून तीनदा देतात, रोज नाही. टीबीच्या सरकारी कार्यक्रमाचं नाव २०२० साली बदललं, ही बातमी त्या पानांपर्यंत पोचलेली नाही. जुलाबावर देतात त्या ओआरएसची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) अजून ३११ आहे, २४५ ऐकलं की नोट्सचे मालक म्हणतात, "ते पुण्याकडं असेल." भारत पोलिओमुक्त झाल्याचं मार्च २०१४ मध्ये जाहीर झालं, पण आपल्या स्पायरलमध्ये अजून आशेवर दिवस काढणं चालू आहे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हे सगळं ठासून सांग. बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांना आपलं तारुण्य आठवतं.

टेलिग्रामबद्दल काय सांगू? चॅनेल जॉइन कर, दुसरं कर, तिसऱ्यावर पहिल्या दोन्हींचं मटेरियल एकत्र मिळतं ते पण उतरव. मोबाइल भरला की लॅपटॉप, तो भरला की हार्ड डिस्क. डाउनलोडचा पट्टा शंभर टक्क्यांना टेकला की एक धडा पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं, आणि झोपही चांगली लागते. ॲपचं सबस्क्रिप्शन चौघांत घे. ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येतो तो रंकाळ्यावर भेळ खात असतो, तोवर उरलेल्या तिघांनी दुसरं कुठलं ॲप बरं यावर चर्चा करायची. व्हिडिओ दुप्पट स्पीडनं बघ. समजलं नाही तर निम्म्याच वेळात समजलं नाही, हा फायदा.

काही साधनं मात्र कटाक्षानं टाळ. ती फुकट आहेत, यावरूनच त्यांची लायकी कळते.

पहिलं साधन, तू अभ्यासासाठी दत्तक घेतलेलं गावातलं कुटुंब. कॉलेजची बस नदीपलीकडच्या गावात सोडते, तिथं ती आजी असते बघ. बीपीच्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी. विचारलं तर म्हणते, "डोस्कं दुखलं की घेती की." डोकं दुखत नसेल तेव्हा गोळी का घ्यायची, हे तिला आजवर कुणी बसून सांगितलेलं नाही. जेवायला भाकरी, खर्डा, वर लोणच्याची फोड, आणि एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून गोळ्या आणायला महिन्याआड कोण तरी जातं. दीर्घोत्तरी प्रश्नाचं आख्खं उत्तर ती म्हातारी तुझ्यापुढं चहाबरोबर ठेवते. तू चहा घे आणि नीघ. फॅमिलीचा फॉर्म कँटीनमध्ये शेजारच्याचा बघून भरायचा असतो, तो जास्त सुसंगत येतो. फार तर उत्पन्न तेवढं बदल.

दुसरं, लसीकरणाच्या खोलीतली सिस्टर. सहा, दहा, चौदा आठवडे तिला वेळापत्रक न बघता येतं, कारण तिच्यापुढं रोज तेवढ्या वयाची पोरं रडत असतात. आयएलआरचं, म्हणजे लसींच्या फ्रिजचं, तापमान २ ते ८ अंशांत आहे का, हे ती थर्मामीटर बघून रोज दोनदा लिहिते. तिला विचारलंस तर ती सांगेल. पुढं काहीच उरणार नाही. ग्रुपवर विचार, तिथं एकाच लसीला चार वेगवेगळे महिने मिळतात.

तिसरी, डिपार्टमेंटच्या कपाटातली हॉरॉकची पेटी, विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते ठरवायची. सहा पांढरे कप, एक काळा, दोन ग्रॅमचे चमचे. काळ्या कपात ब्लीचिंग पावडरचं द्रावण करायचं, पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी भरून त्यात हे द्रावण कपागणिक एकेक थेंब वाढवत घालायचं, अर्धा तास थांबायचं, मग इंडिकेटर. तिसऱ्या कपापासून निळं दिसायला लागलं तर ४५५ लिटरला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर. एका दुपारी हातानं केलं तर जन्मभर विसरणार नाही, आणि तोच तर प्रॉब्लेम आहे. पेटीचा फोटो काढ. स्पॉटरला, म्हणजे प्रॅक्टिकलला वस्तू ओळखायला ठेवतात तिथं, नाव ओळखता आलं म्हणजे झालं.

एवढं सगळं केलंस की पास होशीलच. आपल्याकडं होतात. मग इंटर्नशिप लागेल, जुलै उजाडेल, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांचा धोका ओलांडेल, २०१९ ला आणि २०२१ ला ओलांडली तशी. पाणी उतरल्यावर तुला गुडघाभर चिखलातनं गावच्या विहिरीवर नेतील. ग्रामपंचायतीचा शिपाई ब्लीचिंग पावडरचं पोतं खांद्यावरनं उतरवेल आणि विचारेल, "डॉक्टर, किती टाकू?"

अजिबात घाबरू नकोस. मोबाइल काढ आणि हार्ड डिस्कवाल्या मित्राला फोन लाव. पुरात टॉवर पडलेला असतो, तेव्हा रेंजसाठी जरा बांधावर चढायला लागेल. तोवर शिपाई व्यास मोजेल, खोली मोजेल, हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून तोंडी हिशेब करेल, बादलीत पावडर कालवेल, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडेल आणि तुला हाक मारेल.

"या खाली, डॉक्टर. सहीपुरतं तुमचं काम हाय."