गुरुजींचा ‘लाखाचा पगार’ आणि तो फॉरवर्ड

मामांनी फॅमिली ग्रुपवर ढकललेला मेसेज तुमच्याकडेही आला असेलच: ‘झेडपीचे गुरुजी महिन्याला लाख घेतात, पाच तास काम करतात, तरी तिसरीच्या पोराला वाचता येत नाही. खाजगी शाळेतल्या मॅडम तेच काम दहा हजारांत करतात. झेडपीच्या शाळा बंद करा, पैसे पालकांच्या खात्यात टाका.’ मामांची स्वतःची सून शिक्षणसेवक आहे, तरी मेसेज पुढे गेलाच.

आधी लाख. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं. भत्ते धरून निवृत्तीला आलेल्या गुरुजींचा आकडा लाखाच्या घरात जातो, हे मान्य. पण नव्याने लागलेल्याला पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून फक्त मानधन: 16,000. तेही जानेवारी 2023 पासून. त्याआधी 6,000 होतं. डी.एड., टीईटी ही पात्रता परीक्षा आणि ‘पवित्र’ या सरकारी शिक्षकभरती पोर्टलची वाट बघणं, एवढं सगळं करून सहा हजार!

आता ‘दहा हजारांतल्या मॅडम’. सगळ्यात जास्त चीड या मुद्द्याची आली. महाराष्ट्रात 1977 चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे. मान्यता असलेल्या खाजगी शाळांना तो लागू होतो, अनुदान असो वा नसो, आणि त्याच्या नियमावलीत वेतनश्रेणी ठरवून दिलेली आहे. म्हणजे त्या मॅडम स्वस्तात काम करत नाहीत, त्यांचा हक्काचा पगार मारला जातोय. कागदावर पूर्ण पगाराची सही आणि अर्धी रक्कम रोखीने संस्थेला परत, हा प्रकार या धंद्यात कोणाला माहीत नाही? भरमसाट फी घेणाऱ्या शाळेत वर्गावरच्या बाईंना दहा हजार मिळत असतील तर उरलेले जातात कुठे, हे मेसेजवाल्याने विचारायला हवं होतं. त्याने उलट विचारलं: बाकीच्यांनाही एवढंच का देत नाही? एकाची लूट झाली म्हणून दुसऱ्याचाही खिसा कापायचा, असला हा न्याय.

पाच तासांबद्दल थोडक्यात. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढी तीन अशैक्षणिक कामं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकाला देऊ देतं. त्याशिवाय खिचडीचा हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती आहेच. हे तास कोणी मोजत नाही.

वाचनाचं दुखणं खरं आहे. ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या पाव मुलांनाही दुसरीचा धडा धड वाचता येत नाही. पण साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक हे कायद्यातलंच प्रमाण आहे. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा म्हणजे एका गुरुजीकडे एकाच वेळी दोन वर्ग. पगार कापल्याने तिसरा शिक्षक येणार नाही.

आणि खात्यात पैसे? आरटीईखाली, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याखाली, खाजगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांची फी सरकारकडून वेळेवर मिळत नाही म्हणून संस्थाचालक वर्षानुवर्षं ओरडताहेत. ते पैसे आधी द्या. शिवाय चौदा पोरांच्या पाड्यावर कोणता संस्थाचालक शाळा काढणार, तेवढं मेसेजवाल्याने नावानिशी सांगावं.