लकवा, सव्वा महिन्याचे अंथरूण आणि एक घातक संदेश

गेले काही आठवडे परभणी-जालना भागातील नातलगांच्या व्हॉट्सॲप गटांवर लकव्याविषयीचा एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लकवा मारल्याबरोबर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढावे, लसूण मधात कालवून रुग्णाला चाटवावा, सव्वा महिना त्याला अंथरुणावरून हलवू नये, कारण व्यायामाने ‘नाजूक झालेल्या नसा तुटतात’ आणि हे ‘परदेशातील डॉक्टरांनीही मान्य केले आहे’, फिजिओथेरपी हा पैसे उकळण्याचा धंदा आहे, आणि तीन महिन्यांत हात आला नाही तर पुढे तो कधीच येत नाही. सेलू तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामींपर्यंत हा संदेश पोचला आणि त्यांनी मामांचा नुकताच सुरू झालेला व्यायाम बंद केला. मामींना दोष देण्यात अर्थ नाही. पाच नातलगांनी एकच गोष्ट पाठवली की कोणाचाही धीर सुटतो. पण पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तो पुढे ढकलण्याआधी डॉक्टरांना विचारले नाही, याचा मला संताप आहे.

सुई आणि लसणाचा निकाल लवकर लावता येतो. लकवा होतो तो मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा ती वाहिनी फुटल्याने; बोटातून चार थेंब रक्त काढून यांपैकी काहीही बदलत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही आधी सीटी स्कॅन करून, आणि गावातून शहरातील रुग्णालय गाठण्यातच त्यातील बराच वेळ जातो. सुई शोधण्याऐवजी १०८ क्रमांकावर फोन करावा. लसणाचे म्हणाल, तर लकव्याच्या अनेक रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. अशा माणसाच्या तोंडात काहीही घातले तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. गिळणे तपासून होईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नये.

आता सव्वा महिन्याच्या अंथरुणाविषयी, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होते. मुळात ‘नसा तुटतात’ हेच निराधार आहे. लकव्यात हातापायांच्या नसा शाबूत असतात. इजा मेंदूत झालेली असते. मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही हे खरे, पण उरलेले भाग त्याचे काही काम हळूहळू शिकून घेतात, आणि ते शिकतात पुनःपुन्हा केलेल्या हालचालीतून. हालचालच थांबवली तर त्यांनी शिकायचे कशावरून?

पडून राहिलेल्या माणसाचे काय होते, ते ज्यांनी घरी सेवा केली आहे त्यांना ठाऊक असते. माकडहाडावर आणि टाचेवर आधी लाली येते, मग कातडी फाटते आणि जखम होते; म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात गेल्या तर जीव जातो. पाऊल खाली झुकलेलेच आखडते, त्यामुळे पुढे उभे राहायची वेळ आली तरी टाच जमिनीला टेकत नाही. बोटांची मूठ आवळत जाते आणि नखे तळहातात रुततात. खांद्याचे स्नायू सैल पडल्यामुळे दंड सांध्यातून खाली ओघळतो आणि खांद्याच्या हाडाखाली बोटभर खळगा हाताला लागतो. अशा रुग्णाला काखेत हात घालून किंवा त्याच दंडाला धरून बाजेवरून ओढले की खांदा कायमचा दुखू लागतो, आणि मग तो हाताला हातच लावू देत नाही. मामांना तसेच उचलले जात होते, आणि त्यांच्या दुखण्याचे खापर मात्र व्यायामावर फुटत होते.

परदेशी डॉक्टरांच्या दाखल्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य केले पाहिजे. २०१५ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ती ‘अव्हर्ट’ या नावाने ओळखली जाते. पाच देशांतील २,१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना लकव्यानंतर २४ तासांच्या आत उठवून वारंवार आणि जास्त वेळ हालचाल दिली गेली, तर बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ४६ टक्के आणि दुसऱ्या गटातील ५० टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती. म्हणजे पहिल्याच दिवशी घाईने भरपूर हालचाल देणे हितकारक नाही, एवढे त्यातून निघते. पण संदेश लिहिणाऱ्याने जे वाचले नाही किंवा लपवले ते हे, की त्या ‘नेहमीच्या सेवेच्या’ गटातील रुग्णसुद्धा सरासरी पहिल्या एका दिवसातच अंथरुणाबाहेर आले होते. तुलना होती घाईची हालचाल आणि बेताची हालचाल यांच्यात. सव्वा महिना निजवून ठेवलेला गट त्या चाचणीत नव्हताच.

तीन महिन्यांची मुदतही अशीच मनाने ठरवलेली आहे. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, हे खरे. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, लकव्याला तीन ते नऊ महिने उलटलेल्या आणि हाताची थोडी तरी हालचाल उरलेल्या रुग्णांचा चांगला हात दिवसाचा बराच वेळ बांधून ठेवून त्यांच्याकडून लकव्याच्या हाताने कामे करून घेतली, तेव्हा दोन आठवड्यांच्या सरावाने त्या हाताचा वापर सुधारला आणि तो फरक वर्षभर टिकला.

पैशांचा मुद्दा मला झटकता येत नाही. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मिळेलच असे नाही, गाडी करून जिल्ह्याला जायचे तर रोजंदारी बुडते, आणि काही ठिकाणी गरज नसताना महिनोन्महिने यंत्रांचे शेक दिले जातात. ही तक्रार रास्त आहे. त्यावर घरी गरम विटेचा शेक देणे हा मात्र उपाय नव्हे, कारण त्या बाजूची संवेदना गेलेली असेल तर कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी. तिथे रोज जाणे शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि घरी करायचे व्यायाम शिकून घ्यावेत: कूस कशी वळवायची, पाय जमिनीला टेकवून कडेला कसे बसवायचे, दंडाला न ओढता उभे कसे करायचे, आणि तांब्या धरायला लकव्याचा हात कसा पुढे आणायचा. हे सर्व सेवा करणाऱ्या माणसाने तिथेच स्वतः करून दाखवावे आणि चूक होत असेल तर तिथेच सुधारून घ्यावी.