वॉल्टर व्हाइटला पावन करून घेण्याचा सोपा विधी

मालिका संपली, नायक मेला, आणि आता तो 'शेवटी सुधारला' असं तुम्हाला चारचौघांत ठासून सांगायचंय? काही अवघड नाही. 'ब्रेकिंग बॅड'चे एकूण 62 भाग आहेत. त्यातले 61 विसरायचे, झालं. अल्बुकर्कीतला गरीब बिचारा रसायनशास्त्राचा मास्तर, त्याला कॅन्सर झाला, घरच्यांसाठी चार पैसे मागे ठेवावेत म्हणून मेथ नावाचं ड्रग शिजवायला लागला आणि जाता जाता आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, धंद्यातल्या साथीदाराला, जेसीला वाचवून गेला. गोष्ट एवढीच. मधे काय काय झालं असं कुणी विचारलंच तर 'तुला पात्राची खोली कळली नाही' म्हणून विषय संपवावा.

'कुटुंबासाठी' हे दर दोन वाक्यांनी आलंच पाहिजे. त्याचे जुने श्रीमंत भागीदार ग्रेचेन आणि एलियट पहिल्याच सीझनमध्ये उपचाराचा खर्च उचलायला तयार होते आणि याने निव्वळ ताठ्यापायी नाही म्हटलं, हे कुणी उकरून काढलं तर 'मानी आहे हो माणूस' म्हणत मान डोलवावी.

जेसीच्या मैत्रिणीचं, जेनचं नाव काढू नये.

त्याच्या पुढच्या मैत्रिणीच्या पोराचं, ब्रॉकचं तर नाहीच नाही. लहान पोराला विष घालणारा माणूस 'गुंतागुंतीचा' आहे, हे समजायला प्रगल्भता लागते.

वाळवंटात मोटरसायकलवरून आलेल्या त्या पोराला वॉल्टरच्या साथीदाराने, टॉडने गोळी घातली. नंतर आपल्यालाही झोप लागत नाही असं वॉल्टरने जेसीला सांगितलं, आणि जेसीची पाठ वळताच हा कामाला लागून मजेत शीळ वाजवायला लागला. हा प्रसंग येईल तेव्हा पाणी प्यायला उठावं.

आता हुकमी एक्का. 'अहो, वाल्याचा वाल्मिकी झालाच ना?' एवढं म्हटलं की समोरचा गार. मी स्वतः परवाच्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर गार झाले. दूध अजून आटत होतं, आणि जावयाच्या नेटफ्लिक्सवर नुकतीच मालिका संपवून आलेले आमचे एक शेजारी काका वाल्मिकीचं प्रवचन देत होते. भोवतीचे सगळे बाप्ये माना हलवत होते. 'शेवटी माणूस शुद्ध झाला बघा. बायकोने जरा साथ दिली असती ना...' मी चारोळ्या निवडत होते, म्हणून गप्प राहिले. इथे मात्र हातात चारोळ्या नाहीत.

अहो काका, वाल्याची गोष्ट तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितली होती ना? नारदाने काय विचारलं त्याला? ज्यांच्यासाठी लुटतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का, जाऊन विचार. वाल्या घरी गेला. बायकापोरं म्हणाली, नाही होणार. तिथे तो मुळापासून हादरला आणि लूटमार सोडून दिली. वॉल्टरला तर विचारायचीसुद्धा गरज पडली नाही, सगळ्यांनी आपणहून सांगितलं. तुझा कॅन्सर परत येण्याची मी वाट बघतेय, हे बायकोने, स्कायलरने तोंडावर सांगितलं. पोटच्या पोराने फोनवर विचारलं, तू अजून मरत का नाहीस? पैसा नको म्हणून त्याने फोन आपटला. मग टाकली का कुऱ्हाड? हा पठ्ठ्या गाडीच्या डिकीत मशीनगन बसवून परत आला! ज्या पोराने 'नको' म्हटलं त्याच्याच गळ्यात 97 लाख 20 हजार डॉलर मारायला ग्रेचेन-एलियटच्या घरात शिरला, छातीवर लेझरचे लाल ठिपके पाडून त्यांना थरथर कापायला लावलं, आणि पैसा कुणाचा हे पोराला कधीच कळणार नाही याचा बंदोबस्त केला. म्हणजे शेवटच्या दिवशीसुद्धा पोराच्या नकाराची किंमत शून्य. धमकी, विष, बंदूक, थाप. पहिल्यापासून जी हत्यारं वापरली तीच शेवटच्या भागात ओळीने वापरलीत त्याने, फक्त या वेळी मरणारे लोक तुम्हाला आवडत नव्हते.

पण कबूल केलं ना त्याने? केलं. मी हे स्वतःसाठी केलं, मला ते आवडायचं, मला ते चांगलं जमायचं. सगळ्या मालिकेतला तो सगळ्यात खरा प्रसंग आहे, आणि स्कायलरशी तो तिथे पहिल्यांदा खोटं बोलत नाही, हे मलाही मान्य आहे. पण ऐकून घ्या, तो 'चुकलं' म्हणत नाहीये, 'आवडायचं' म्हणतोय! आणि तिथून निघून मरतो कुठे? मेथच्या लॅबमध्ये, टाकीवरून हात फिरवत.

जेसीला वाचवलं म्हणता. जॅकच्या गुंड टोळीच्या हवाली केलं कोणी त्याला? गाडीखाली लपलेल्या पोराकडे बोट दाखवलं कोणी? आणि वर, जेनला मरताना मी बघत उभा होतो, हे निव्वळ जखम करायला ऐकवलं कोणी? शेवटच्या भागात हा जेसीला सोडवायला आलाच नव्हता. जेसी जॅकचा भागीदार झालाय अशा समजुतीत आला होता. साखळदंडातला जेसी समोर आणला तेव्हा याचं मन पालटलं. पालटलं, ते खरं. काही मिनिटं. मग गोळी लागून मेला आणि सुटला. मेहुणी मारीसमोर बसून तिच्या मारल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल, हँकबद्दल बोलावं लागलं नाही, आईवेगळ्या झालेल्या ब्रॉककडे बघावं लागलं नाही, दुसऱ्या दिवशी उठून साधा माणूस म्हणून जगून दाखवावं लागलं नाही. मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन पहिल्यापासून सांगत आलाय की एका साध्या मास्तराचा खलनायक करायचा होता. त्याने केला. तुम्हीच त्याला परत मास्तर करायला निघालात.

आणि विधीची शेवटची पायरी सगळ्यांना तोंडपाठ आहे: खापर स्कायलरवर. 2013 च्या ऑगस्टमध्ये स्कायलरचं काम करणाऱ्या ॲना गनला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहावा लागला होता. लोक पात्रावर चिडता चिडता तिच्यावरच घसरले, ही बाई कुठे सापडेल, तिला मारायचंय, असं विचारण्यापर्यंत गेले. का? नवरा खोटं बोलतोय हे तिला कळलं म्हणून. पोरांपासून लांब राहा म्हणाली म्हणून. तिच्या साहेबाशी, टेडशी झालेलं तिचं प्रकरण तुम्हाला सीझन नंबरासकट आठवतं आणि तीन तुरुंगांत दोन मिनिटांत वॉल्टरने मारवलेली दहा माणसं आठवत नाहीत? लाज वाटत नाही?

त्याला माफ करायचंय तर करा, तुमची मर्जी. तिचं नाव घेताना मात्र तोंड सांभाळा.