एक्स-रेत पांढरं दिसलं म्हणजे मणके जुळले?

‘मणके जोडायचे असतील तर स्वतःचं हाड काढू देऊ नका. कृत्रिम हाड तेवढंच काम करतं, अपाय शून्य, आणि एक्स-रेत पांढरा पट्टा दिसला की मणके जुळलेच.’ हा मजकूर फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो.

‘तेवढंच काम’: मणके एकमेकांशी जुळावेत म्हणून ऑपरेशनमध्ये तिथे हाड भरतात. स्वतःच्या हाडात हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी असतात, त्यांना कामाला लावणारी प्रथिनं असतात आणि नवं हाड वाढायला आधारही असतो. कृत्रिम हाड म्हणून वापरले जाणारे हायड्रॉक्सीअपॅटाइट किंवा बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या कॅल्शियमच्या क्षारांचे दाणे यातला फक्त आधार देतात. ही नुसती परांची. गवंडी शेजारच्या मणक्यातूनच यावे लागतात. म्हणून सर्जन मणक्याचा वरचा कठीण थर रक्त पाझरेपर्यंत खरवडतो आणि नस मोकळी करताना निघालेले हाडाचे तुकडे त्या दाण्यांत मिसळतो. दोनच मणके जोडायचे असतील तर हे मिश्रण बऱ्याचदा पुरतं, भरण्यासाठी कमरेच्या बाजूच्या हाडाचा तुकडा काढावा लागत नाही आणि तिथलं दुखणं टळतं. मजकुरातलं तथ्य ते एवढंच.

‘पांढरा पट्टा’: इथे मात्र सरळ दिशाभूल आहे. हे दाणे मुळात कॅल्शियमचेच, त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी काढलेल्या एक्स-रेतही ते पांढरेच दिसतात. हायड्रॉक्सीअपॅटाइट तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. हाड खरंच सलग झालंय का, हे बारीक छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये आणि पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत बघावं लागतं. उलट कॅल्शियम सल्फेट हे दुसरं कृत्रिम हाड काही आठवड्यांतच विरघळतं. मणके जुळायला मात्र महिने लागतात.

‘अपाय शून्य’: दाण्यांपुरतं बोलायचं तर धोका कमीच. पण ‘कृत्रिम हाड’ याच नावाखाली बीएमपी-२ हे हाड वाढवणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिनही खपवलं जातं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००२ मध्ये त्याला कमरेच्या मणक्यांवर पुढून होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता दिली आणि २००८ मध्ये मानेत वापरल्यास सूज येऊन श्वास अडकू शकतो, असा इशाराही दिला. २०१३ च्या दोन स्वतंत्र विश्लेषणांत रुग्णाला वेदनेत जाणवेल इतका फायदा दिसला नाही.

सिगारेट-तंबाखूबद्दल मजकुरात चकार शब्द नाही. निकोटीनमुळे हाडाचा रक्तपुरवठा घटतो, मणके न जुळण्याची शक्यता वाढते, आणि न जुळलेल्या मणक्यांवर ताण येत राहून ऑपरेशनमध्ये बसवलेले धातूचे स्क्रू ढिले होतात, कधी त्यांना जोडणारी सळईही तुटते. मग आत दाणे कोणतेही भरलेले असोत.