'बोनेट उघडून पाहिले आहे काय?' या प्रतिक्रियेस उत्तर

गाडीच्या धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरील माझ्या लेखाखाली जालन्याच्या एका वाचकाने लिहिले आहे : 'लेखकमहाशयांनी कधी बोनेट उघडून पाहिले आहे काय? कन्व्हर्टर प्रदूषण संपवत नाही, एका वायूचा दुसरा वायू करतो. शिवाय आपल्याकडे पीयूसी कागदापुरतीच असते.'

मतभेदास माझी हरकत नाही, 'महाशय' म्हणण्यामागील सुरास आहे. परभणीत माझ्या वडिलांचे गॅरेज होते आणि शाळा सुटल्यावर कार्बोरेटर धुण्याचे काम माझ्याकडे असे. हे आपणांस ठाऊक असण्याचे कारण नाही. पण न विचारता गृहीत धरण्याचेही नव्हते. आणि कित्येक गाड्यांत कन्व्हर्टर बोनेट उघडून दिसतच नाही, गाडीखाली वाकावे लागते.

'एका वायूचा दुसरा वायू' हे वाक्य आपण आक्षेप म्हणून लिहिले आहे. वस्तुतः ते या यंत्रणेचे अचूक वर्णन आहे. बंद खोलीत माणसाचा जीव घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचा तोच वायू व पाण्याची वाफ होते, आणि नायट्रोजन ऑक्साइडांपासून नायट्रोजन सुटा होतो, जो आपण लिहितानाही श्वासावाटे घेत होता. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांच्या पातळ थरावर हे तिन्ही एकाच वेळी साधायचे, तर एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण सांभाळावे लागते. हवा वाढली की नायट्रोजन ऑक्साइड तसेच निसटतात, पेट्रोल वाढले की कार्बन मोनॉक्साइड उरतो. वडील इंजिनाचा आवाज ऐकून हवा-पेट्रोलचे मिश्रण ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत आणि त्यांचा कान पक्का होता. तरीही क्षणोक्षणी हे प्रमाण राखणे ऑक्सिजन सेन्सर व संगणकाचेच काम आहे. शिसेयुक्त पेट्रोलने तो थर निकामी होतो. म्हणून 1995 मध्ये चार महानगरांत आणि 2000 मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. केवळ कागदी करामत असती, तर इंधन बदलण्याचा खटाटोप कोणी कशाला केला असता?

कार्बन डायऑक्साइडने तापमान वाढते, एवढे मान्य. त्यावर कमी इंधन जाळणे हाच उपाय आहे, आणि कन्व्हर्टर तो करतो असे मी म्हटलेले नाही.

राहिली पीयूसी. तो आरटीओच्या अंमलबजावणीचा प्रश्न आहे, कन्व्हर्टरमधील रसायनाचा नव्हे. त्याचा जाब मला विचारू नये.