आवडती नोकरी सोडताना

नोकरीला कंटाळलेले लोक राजीनामा नीट देतात. तारीख ठरवतात, मेल टाकतात, निघतात. घोळ होतो तो नोकरी आवडणाऱ्यांचा. साहेबांना वाईट वाटेल म्हणून सांगणं लांबवायचं, मग अपराधी वाटून "लागेल तेवढं थांबतो" असं कबूल करून बसायचं, आणि शेवटी जुनी कंपनी, नवी कंपनी दोघीही नाराज. कंपनीबद्दल आपुलकी असेल तर ती दोन गोष्टींत दिसावी असं माझं स्पष्ट मत आहे: शेवटच्या दिवसाची पक्की तारीख, आणि आपल्यानंतर दुसऱ्याला काम चालवता येईल असा हँडओव्हर.

पेपर टाकण्याआधी अपॉइंटमेंट लेटर काढून पुन्हा वाचा. नोटीस ३० दिवसांची, ६० की ९०? बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटणं) आहे का, आणि त्याचा हिशेब बेसिकवर होतो की पूर्ण पगारावर? नोटीसमध्ये रजा घेतली तर शेवटचा दिवस पुढे जातो का? जॉइनिंग बोनस किंवा कोर्सचे पैसे ठरावीक मुदतीआधी सोडल्यास परत मागतात का? नवी ऑफर लेखी हातात येईपर्यंत तोंड उघडू नका.

ग्रॅच्युइटीकडे, म्हणजे बरीच वर्षं काम केल्यावर नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांकडे, तर हमखास दुर्लक्ष होतं. कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाली की ती मिळते. हिशेब असा: ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा मासिक पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे ४०,००० रुपये पगार आणि ६ वर्षं ७ महिने नोकरी असेल, तर ७ वर्षं धरून साधारण १,६१,५०० रुपये. पाच वर्षांना दोन-तीन महिने कमी असतील तर तारीख त्यापुढची धरा. राजीनाम्याची नव्हे, शेवटच्या दिवसाची तारीख मोजतात.

आता सांगण्याचा क्रम. आधी थेट वरिष्ठ, समोरासमोर, निदान फोनवर तरी. त्याच दिवशी त्यांना आणि एचआरला मेल. टीमला त्यानंतर. चहाच्या टपरीवर आधी बोललात की साहेबांना ती बातमी तिसऱ्याकडून कळते, आणि ही गोष्ट लोक विसरत नाहीत. मेलमध्ये चार ओळी पुरतात: राजीनामा देत आहे, कराराप्रमाणे नोटीस इतके दिवस, शेवटचा दिवस अमुक तारीख, हँडओव्हर पूर्ण करून देईन. तक्रारी लिहू नका, कारणही लिहावंच असं नाही. आभार मानायचे तर नेमके माना: कुठलं काम शिकायला मिळालं, कुणी अडचणीत पाठीशी उभं राहिलं.

जास्त पगार देऊन थांबवायचा प्रयत्न होईल. उत्तर आधीच ठरवून जा. फक्त पैसेच खुपत असतील तर ते राजीनाम्याआधी मागायला हवे होते. आवडत्या साहेबांसमोर "विचार करून सांगतो" म्हटलं की त्यांना आशा लागते, बदली माणूस शोधणं थांबतं आणि तुमचेच हँडओव्हरचे दिवस वाया जातात.

हँडओव्हर हा या सगळ्याचा गाभा आहे. ६० दिवसांची नोटीस असेल तर पहिल्या आठवड्यात यादी करा: चालू कामं, अडकलेले निर्णय, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखा, कोणत्या कामाला कुणाला फोन करायचा. पुढचे चार-पाच आठवडे लिहिणं आणि शिकवणं. शेवटचे दोन आठवडे तुम्ही कामाला हात लावायचा नाही, नवा माणूस करेल आणि तुम्ही शेजारी बसून बघाल. काय लिहायचं राहिलंय ते तेव्हाच कळतं. बहुतेक वेळा राहिलेलं असतं ते 'असं का करतो' हे. अमुक ग्राहकाला बिल २५ तारखेआधीच का पाठवायचं, हे फाइलमध्ये कुठेच सापडत नाही. बदली माणूस नेमलाच नाही, असंही सर्रास होतं. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात मेल करून विचारा की हँडओव्हर कुणाला देऊ. तारीख मात्र हलवू नका.

शेवटच्या दिवशी लॉगिन दुपारीच बंद होऊ शकतं. पगाराच्या स्लिपा आणि तुमची स्वतःची कागदपत्रं आदल्या आठवड्यात घ्या. कंपनीची एकही फाइल घरी नेऊ नका. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशेब लेखी मागा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्यात आईवडील असतील तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोटीस सुरू असतानाच विचारा. आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोघंही सवलत वेगवेगळी धरतात आणि रिटर्न भरताना कर व्याजासकट निघतो.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक) ट्रान्सफर करा. सलग ५ वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि सोबत पेन्शनचे पैसेही काढले तर पेन्शनसाठी लागणाऱ्या १० वर्षांची मोजणीही तुटते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली का ते पीएफच्या पोर्टलवर बघा. नसेल भरली, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते.